कूलरची ताटी

होळी आटोपली की नागपूरच्या रस्त्यांवर कूलरच्या ताट्या दिसू लागतात. हातगाडीवर एकावर एक रचलेल्या, तारेच्या जाळीत पिवळट लाकडी गवत कोंबलेल्या. कुणाच्या स्कूटरच्या मागे तीन बांधलेल्या, कुणी सायकलच्या कॅरिअरवर एका हाताने सावरत नेतोय. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, अजून दोन महिने लांब असतो, पण मार्चमध्ये ताट्या नेणारा शहाणा. मेच्या तिसऱ्या आठवड्यात ताटीचा भाव आणि मिस्त्रीचा नखरा दोन्ही चढलेले असतात.

महागाईचा विषय निघाला की लोक कांद्यापासून सुरुवात करतात. इथे ती ताटीपासून केलेली बरी. कूलर हे मध्यमवर्गीय घरातलं बहुधा शेवटचं यंत्र, ज्याचा एकूण एक भाग मालकाला दिसतो, नावाने ठाऊक असतो आणि चौकातल्या दुकानात सुटा मिळतो. बाकीची यंत्रं एकेक करून बंद होत गेली. झाकण लागलं, स्क्रूच्या जागी खटका आला, सुट्या भागाच्या जागी अख्खा संच, म्हणजे ‘असेंब्ली’ आली. घरखर्च वस्तूच्या किमतीने वाढतो हे खरंच, पण नफ्याची खरी जागा त्या झाकणाखाली आहे.

आधी हा डबा काय करतो ते बघू. नागपूरचा मे कोरडा असतो. तापमान 45 अंश आणि हवेतली आर्द्रता 15 टक्के धरली, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक 23-24 अंशांवर येऊन थांबतो. कूलरला गाठता येणारी ही शेवटची पायरी. प्रत्यक्षात ताटी तिथवर पोचत नाही. नीट भरलेली, सगळीकडून भिजलेली ताटी त्या अंतराच्या पाऊण भागापर्यंत जाते, म्हणजे आत येणारी हवा 28-29 अंशांची. यात कुठला गॅस नाही, कॉम्प्रेसर नाही. पाणी वाफ होताना उष्णता मागतं आणि ती हवेतून घेतं, एवढंच. 23 मे 2013 ला नागपुरात 47.9 अंशांची नोंद झाली. असल्या दिवशीही बाहेरची हवा जितकी कोरडी तितका हा डबा जोरात चालतो. मृगाचा पाऊस पडला की त्याचं सोंग उतरतं. 32 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असली की तापमान जेमतेम दोन-तीन अंश उतरतं आणि अंग चिपचिपतं. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवायचा, हे इथल्या प्रत्येक घराला न शिकवता येतं.

मात्र त्याला पाणी लागतं. मोठा डेझर्ट कूलर भर दुपारी तासाला 10-12 लिटर सहज पितो. दिवसाला 100 लिटर धरलं आणि पाणी बोअरचं, लिटरमागे 500 मिलिग्रॅम क्षारांचं असलं, तर वाफ होऊन जातं ते शुद्ध पाणी; क्षार मागे उरतात. दिवसाचे 50 ग्रॅम, आठ दिवसांचे 400. ताटीवर येणारा पांढरा कडक थर तो हाच. लोक म्हणतात ‘ताटी मेली’. ताटी मेलेली नसते, तिच्यात चुना बसलेला असतो. टाकीतलं पाणी तीन-चार दिवसांनी पूर्ण काढून टाकलं तर ताटी हंगाम काढते. नुसतं वरून भरत राहिलं तर मेअखेरीस कडक होते. आठवड्यातून एक दिवस टाकी कोरडी करून ब्रशने घासायची, ती डेंग्यूसाठी. एडिसचा डास अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस घेतो आणि अंडी भिंतीला चिकटून कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, घासावंच लागतं.

आता डबा उघडू. तीन बाजूंच्या ताट्या वर उचलून बाहेर ओढल्या की आत हात जातो. एकही स्क्रू लागत नाही. मधोमध पंखा, त्यामागे मोटर, तळाशी पाण्यात बुडालेला छोटा पंप, त्यातून वर जाणारी नळी आणि माथ्यावर भोकं पाडलेली पन्हळ. भाग मोजून सहा-सात. बिघाडही तितकेच.

पंखा हळू फिरतो, किंवा मोटर नुसती गुणगुणते आणि पातं हलत नाही. बटण बंद करून, प्लग काढून पातं हाताने फिरवून बघायचं. सहज फिरलं तर बुश-बेअरिंग ठीक आहे. अडलं तर गंज किंवा सुकलेलं तेल. पातं सहज फिरतं, बटण लावल्यावर मात्र काठीने ढकलल्याशिवाय सुरू होत नाही, म्हणजे कंडेन्सर गेलं. (पुस्तकात त्याला कपॅसिटर म्हणतात. लोहा ओळीच्या बाजारात कंडेन्सरच मागायचं.) त्यावर मायक्रोफॅरडचा आकडा छापलेला असतो, अडीच किंवा चार. तोच आकडा आणायचा. जास्त आकड्याने पंखा जोरात फिरेल या समजुतीने मोठं लावलं की मोटर तापते आणि जळते. शंभराच्या नोटेतला भाग आहे, दोन वायर जोडायच्या. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये काही वेळ करंट उरतो, म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना उघडा हात लावायचा नाही.

पंप पाणी चढवत नाही, तर दहातल्या आठ वेळा त्याच्या जाळीत ताटीचं गवत अडकलेलं असतं. जाळी काढून धुवायची आणि परत लावताना पंपावर जुना नायलॉनचा मोजा चढवायचा. हा पंप पाण्यानेच थंड राहतो. रात्री टाकी संपली आणि तो कोरडा फिरत राहिला की सकाळी जळका वास. एका बाजूची ताटी कोरडी राहत असेल तर पन्हळीची भोकं क्षाराने बुजलेली असतात, ती दाभणाने मोकळी करायची. सगळं ठीक असूनही हवा गरम लागते, तर ताटी काढून उन्हासमोर धरायची. वरच्या कोपऱ्यात प्रकाश दिसला तर गवत खाली बसलं आहे. हवा सोपी वाट धरते. ती त्या भगदाडातून कोरडीच आत येते. मूठभर गवत कोंबलं की काम झालं.

करंट हा मात्र चेष्टेचा विषय नाही. लोखंडी डबा, पाणी, ओली फरशी, आणि आत पंपाची तडकलेली वायर. कूलरच्या शॉकने विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं जातात, त्यात लहान लेकरं असतात. तीन पिनांचा प्लग, डब्याला खरीखुरी अर्थिंग आणि घराच्या बोर्डात 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारं स्विच), एवढं असेल तर फॉल्ट आला की पुरवठा निमिषात तुटतो. पाणी भरताना प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करायचं नाही. बटण चुकून न्यूट्रलच्या, म्हणजे परतीच्या वायरवर बसवलेलं असेल तर बटण बंद करूनही आतल्या वायरींत फेज, म्हणजे करंट राहतोच. यावर पैसे वाचवू नये, राजेहो.

आता शोरूममधला प्लॅस्टिकचा कूलर बघा. दिसायला देखणा, गंजत नाही, खाली चाकं, हातात रिमोट. त्यात गवताच्या ताट्यांऐवजी कागदी पुठ्ठ्याचे मधमाशीच्या पोळ्यासारखे पॅड. पॅड चांगले असतात, नाकारून चालणार नाही; स्वच्छ पाण्यावर दोन-तीन उन्हाळे जातात. पण बोअरच्या पाण्याने पोळ्याची घरं बुजली की मूठभर गवत कोंबण्याची सोय नाही, पॅडच नवा, आणि तोही त्याच मॉडेलच्या मापाचा. लोखंडी टाकीला भोक पडलं तर पत्र्याचं ठिगळ, दोन रिव्हेट, वरून डांबर. प्लॅस्टिकची टाकी तडकली की ठिगळ धरत नाही. रिमोटचं कार्ड, म्हणजे आतली सर्किटची पाटी, पावसाळ्यात ओल धरते आणि पुढच्या मार्चमध्ये नुसता दिवा लुकलुकतो. मोटर, पंप, पंखा सगळं शाबूत, कार्ड गेलं म्हणून कूलर गेला. कार्डाला वळसा घालून साधं रोटरी बटण बसवणारे मिस्त्री गल्लोगल्ली आहेत, पण वॉरंटीच्या कागदावर असं काही केलं की हक्क गेला असं छापलेलं असतं. 2022 च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही तिची चार क्षेत्रं. त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टलही आलं. कार्डाची किंमत मात्र अजून कंपनीच ठरवते.

आणि एसी? कुणाला एसी घेऊ नको म्हणण्याचा हा लेख नाही. दम्याचं माणूस घरात असेल, वरच्या मजल्याचा स्लॅब तापत असेल, जुलैची चिपचिप सहन होत नसेल, तर घ्यावाच. पण तो आपण निवडतो हे फारसं खरं नाही. निवड बिल्डरच्या नकाशावर आधीच झालेली असते. महाल किंवा धंतोली अशा जुन्या वस्तीतल्या घराला खिडकीबाहेर अँगल ठोकून कूलर बसवायला जागा होती, दार उघडं ठेवून हवा बाहेर काढायची सोय होती. कूलरला हवा जायला वाट हवीच. बंद खोलीत तो दमटपणा साठवतो. नव्या फ्लॅटमध्ये सरकत्या काचा, त्यातही अर्धीच खिडकी उघडणार. कूलर ठेवायला कट्टा नाही, पाण्याचा नळ नाही. बेडरूममध्ये 16 अँपिअरचा एसी पॉइंट मात्र तयार. वरून सोसायटीचा नियम, दर्शनी बाजूला कूलर लावायचा नाही, इमारतीची शोभा जाते. एसीची बाहेरची पेटी शोभेत कशी बसते ते विचारू नये. 22 सप्टेंबर 2025 पासून एसीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला तेव्हा वर्तमानपत्रांची पहिली पानं जाहिरातींनी भरली. नळाचा एक पॉइंट द्या, अशी जाहिरात कोण देणार.

खर्चाचा हिशेब बिलावर मांडावा लागतो. मोठा कूलर 200 वॉटचा. 12 तास चालला तर 2.4 युनिट, महिन्याला 72. दीड टनाचा एसी आठ तासांत आठेक युनिट घेतो, महिन्याला 240. पण फरक नुसत्या 72 आणि 240 चा नाही. महावितरणच्या घरगुती दराच्या पायऱ्या 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे अशा आहेत. दुसऱ्या पायरीचा दर पहिलीच्या दुप्पटीच्या आसपास, तिसरीचा त्याहून वर. 101 वं युनिट जळलं की सगळीच युनिटं महाग होतात असा गैरसमज आहे. तसं नाही, वरचीच होतात. पण घरातला फ्रीज, पंखे, टीव्ही, मिक्सर मिळून 120 युनिट आधीच झालेली असतात. एसी त्यांच्या डोक्यावर बसतो. त्याची 240 युनिट 121 पासून 360 पर्यंत जातात: 180 दुसऱ्या पायरीत, 60 तिसरीत, स्वस्त पायरीत शून्य. त्यावर वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. स्थिर आकार तर कुलूप लावून गावाला गेलं तरी येतो.

दुकानात दाखवतात तो स्टारचा कागदही नीट वाचावा. त्यावरची वर्षाची युनिटं 1600 तास वापर धरून काढलेली असतात आणि बाहेरचं तापमान 24 ते 43 अंश धरलेलं असतं. आपली मेची दुपार त्या कागदात नाही. 45 अंशांत बाहेरच्या पेटीला उष्णता टाकायला थंड हवाच मिळत नाही, कॉम्प्रेसर थांबत नाही, आणि पेटी पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात असेल तर विचारूच नका.

सगळ्यात जास्त पैसा गॅसवर उडतो. ‘गॅस कमी झालाय, भरून घ्या’ हे वाक्य दर एप्रिलमध्ये हजारो घरांत म्हटलं जातं. एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा संपत नाही. नळ्यांचं ते बंद वर्तुळ आहे. गॅस कमी असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या एप्रिलपर्यंत पुन्हा हवेत गेलेला असतो. नीट काम असं: आधी फिल्टर आणि बाहेरची जाळी धुऊन बघायची, कारण थंडावा कमी होण्याचं कारण बऱ्याचदा धूळच असते. मग नायट्रोजनचा दाब देऊन जोडांवर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा दिसला तिथे ब्रेझिंग (धातू वितळवून सांधा बुजवणं), मग व्हॅक्यूम पंपाने हवा-ओल ओढून काढायची, आणि शेवटी पेटीच्या प्लेटवर लिहिलेलं वजन काट्यावर मोजून तेवढाच गॅस. ज्याच्या झोळीत वजनकाटा आणि व्हॅक्यूम पंप नाही त्याला चहा पाजून परत पाठवावं. पण हे ग्राहकाला ठाऊक नसतं. कूलरवाला ‘काकाजी, कंडेन्सर उडलं’ म्हणतो तेव्हा काकाजी स्वतः बघू शकतात. एसीत बघायला काहीच नाही, फक्त विश्वास ठेवायचा, आणि त्या विश्वासाचा वर्षाचा करार करून घ्यायचा.

हप्त्यांचंही तेच. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने 2013 च्या सप्टेंबरात बँकांना लेखी कळवलं होतं. आता त्याला ‘नो कॉस्ट’ म्हणतात. बहुतेक योजनांत व्याज असतं. तेवढीच सूट आधी किमतीत दाखवतात, व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी ग्राहकाकडून जाते. दुकानदाराला एकच प्रश्न विचारायचा: रोख दिले तर किती? दोन आकड्यांतलं अंतर हेच व्याज.

झाकणाखालचं माप स्वयंपाकघरातही शिरलं आहे, आणि तिथे ते शोधायला पाना-पेचकसही लागत नाही. तेलाचा पिपा घ्या. 15 किलोचा आणि 15 लिटरचा, दोन्ही शेजारी ठेवलेले, दोन्हीवर मोठा 15. तेल पाण्याहून हलकं. लिटरचं वजन साधारण 910 ग्रॅम. म्हणजे 15 लिटरच्या पिप्यात 13 किलो 650 ग्रॅम. सव्वा किलोहून जास्त फरक, सावजीच्या रश्श्याचे दोन-तीन रविवार. पुड्याचं तर कौतुकच. तेल तापवलं की फुगतं, म्हणून काही कंपन्या पुड्यावर ‘60 अंश तापमानाला 1 लिटर’ असं छापत. त्या तापमानाला लिटर भरायला 890 ग्रॅमच तेल पुरतं. 60 अंशांत पुडा कोण विकत घेतं? केंद्राने 2022 च्या ऑगस्टमध्ये तापमान न लिहिता प्रमाण छापा असं कळवलं. पूर्वी तेल, बिस्किटं, चहा अशा वस्तूंना ठरलेल्या मापांतच पाकीट काढावं लागे. 2021 च्या दुरुस्तीने ते बंधन काढलं आणि बदल्यात ग्रॅममागे किंवा किलोमागे किंमत छापण्याची अट घातली. ती बारीक अक्षरांत पाकिटाच्या मागे असते. इतवारीच्या किराण्यात उभं राहून ती वाचायला लागलं की मागची रांग चुळबुळते, पण 840 ग्रॅमचा पुडा आणि लिटरचा पुडा यांची तुलना दुसऱ्या कशाने होत नाही.

बरं, लोखंडी कूलर बनवणारे धुतल्या तांदळाचे आहेत असंही नाही. नफ्याची गणितं त्यांनाही येतात. पत्र्याचा गेज हा आकडा उलटा चालतो, मोठा आकडा म्हणजे पातळ पत्रा. 24 गेज सांगून 28 चा डबा दिला की तीन पावसाळ्यांत तळ गळतो. रंगाखाली ते दिसत नाही, बोटाने दाबलं की पत्रा टणकन आत-बाहेर होतो त्यावरून ओळखायचं. ताटीत गवत विरळ भरतात. आणि सगळ्यात मोठी मखलाशी मोटरीत असते. गुंडाळीची तार तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियमचा विजेला होणारा विरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणून तेवढ्याच जाडीची तार जास्त तापते आणि मेच्या दुपारी तीन वाजता जळते. नवी मोटर घेताना दोन हातांत दोन तोलून बघायच्या. तांब्याची जड लागते. तरी इथे निदान तोलून बघता येतं.

खरी परीक्षा दिवाळीच्या आधी होते, घरं आवरताना. भंगारवाला हातगाडी घेऊन गल्लीत येतो. प्लॅस्टिकचा कूलर तो नुसता बघतो, पायाने ढकलतो, ‘ठेवून द्या ताई, नाही तर अशीच नेतो’ म्हणतो. लोखंडी डबा मात्र काट्याला लावतो, आणि त्याआधी मोटर खोलून बाजूला काढतो, कारण तिचा भाव वेगळा. ताई सांगतात, तांब्याची आहे, दुकानदाराने लिहून दिलं होतं. तो काही बोलत नाही. खिशातून खिळा काढतो, गुंडाळीच्या लाल तारेवर एकदा ओढतो आणि मोटर त्यांच्यासमोर धरतो. लाल लेपाखाली पांढरी रेघ.